आबाचं जास्तीचं कातडं

भैरवनाथाची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील, पण प्रसंग न् प्रसंग खरा. आता प्रसंगांचंही म्हणाल, तर एक-दोन ठिकाणी मी स्वतः हजर नव्हतो. पण जिथं आपण नसतो तिथलं जास्त चांगलं सांगता येतं, असा माझा अनुभव आहे!

आमच्या मारुंजीत जिथं बघावं तिथं बांधकामाचा राडारोडा पडलेला असतो. कुणी टाकला, कधी टाकला, कुणालाच माहीत नाही. ढीग मात्र रोज वाढलेला. किश्शांचंही तसंच. आम्ही चौघं सकाळी नेऱ्याच्या रस्त्यानं चालायला जातो, टेम्पो आणि बाईकवाल्यांपासून जीव वाचवत परत येतो, आणि शकीलभाईच्या टेलरिंगच्या दुकानापुढं ओट्यावर बसून बिनसाखरेचा चहा पितो. चौघं म्हणजे मी, म्हणजे कंपनीतल्या पोरांना खोल्या भाड्यानं देणारा हा बापू, स्वतः शकीलभाई, दत्तूआबा, ज्याची ही सगळी गोष्ट आहे, आणि आबाचा धाकटा चुलतभाऊ ज्ञानोबा. चालणं तासाभराचं, ओटा दोन तासांचा. चौघांत वजन उतरलं फक्त आबाचं, कारण चहाबरोबर भजी न खाणारा तो एकटाच!

* * *

आबा मूळचा केवढा होता, हे आधी कळायला हवं. दवाखान्यातल्या काट्यावर तो उभा राहिला की आकडा यायच्या ऐवजी काटा बंदच पडायचा. गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, आणि डॉक्टरांनी हट्टच धरला की खरं वजन सांगा. मग आम्ही त्याला खडीच्या गाड्या तोलतात त्या मोठ्या वजनकाट्यावर नेलं.

आधी रिकामा टेम्पो तोलला. मग हौद्यात आबाला बसवून तोलला. अडचण एकच होती. तो काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो. एकदा एकशे तीस आले, एकदा एकशे चाळीस.

आबा हौद्यातून म्हणाला, "तीसच धरा. दुसऱ्या टायमाला ज्ञानोबाचा पाय गाडीवर हुता."

खाली सुमनवहिनी उभ्या होत्या, आबाच्या मंडळी. त्या म्हणाल्या, "चाळीस धरा. भाकरी मी थापतीया, मला ठावं हाय."

काटेवाल्यानं पावती फाडायला घेतली आणि विचारलं, "मालाचं नाव काय लिहू?"

वहिनींनी आबाकडं एकदा बघितलं. "मुरूम लिवा. खडीवानी टणक न्हाई ते!"

ती पावती वहिनींनी फ्रिजच्या दारावर चिकटवली. मुरूम, एकशे चाळीस किलो. आबा जेवायला बसला की समोर तीच. डॉक्टरांच्या गोळ्या, मोजकी भाकरी, दिवेलागणीच्या आत जेवण आणि रोजचं चालणं. दोन वर्षांत आबा अठ्ठ्याहत्तरवर आला. जुन्या खोलीवाल्या पोरांनी त्याला ओळखलंच नाही. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, आबा गेले का? आणि हे कोण, त्यांचे भाऊ?"

* * *

मुठा गावात शकीलभाईच्या एका गिऱ्हाइकाचा शनिवार-रविवारचा बंगला आहे. पडद्यांचं माप घ्यायला शकीलभाई निघाला, की आम्ही तिघंही टेप धरायला जातो. चार माणसं, एक टेप! ऑक्टोबरचं ऊन होतं. मालक म्हणाले, पोहायच्या टाकीत उतरा खुशाल.

आम्ही तिघं चड्डीवर उतरलो. आबा शर्ट घालून उतरला. शर्टात हवा भरली आणि आबा बेडकासारखा फुगून वर आला.

ज्ञानोबा ओरडला, "दादा, शर्ट काढ की! आता काय लपवायचं ऱ्हायलंय?"

आबानं एकदा आमच्याकडं बघितलं आणि शर्ट काढला.

पोट गेलं होतं, पण पोटाची पिशवी तशीच राहिली होती. कातडं घडी पडून पार खाली लोंबत होतं. दंडाखाली पडदे. पोटाची घडी त्यानं हातानं उचलून दाखवली, तर खाली लाल चट्टे, घामानं सोललेले. दोन वर्षं आम्ही रोज त्याच्याबरोबर चालत होतो, आणि हे कुणाला माहीत नव्हतं.

शकीलभाईच्या गळ्यात पाण्यातही टेप होता. तो हळूच म्हणाला, "आबा, माणूस आल्टर केला तुमी. कापड तेवढंच ऱ्हायलं."

एरवी आबा अशा बोलण्यावर सगळ्यात आधी हसतो. तेव्हा हसला नाही. म्हणाला, "चैत्रात काठी आमच्या घरची हाय."

आता काठीचं सांगतो. चैत्रात आमच्या भैरवनाथाची यात्रा असते. त्या दिवशी देवाची काठी, म्हणजे दोन पुरुष उंचीचा कळकाचा बांबू, त्याला फडकी, मोरपिसं आणि वर पितळी कळस, ती खांद्यावर घेऊन टेकडीवरच्या देवळात न्यायची. मान भावकीतल्या पाच घरांचा, पाळीपाळीनं. म्हणजे एका घराची पाळी पाच वर्षांनी. आणि काठी नेणाऱ्यानं कमरेला धोतर नेसायचं, वरचं अंग उघडं. शर्ट नाही, बनियन नाही, उपरणंसुद्धा नाही. आबाला दोन मुली, घरात दुसरा पुरुष नाही. मागच्या दोन्ही पाळ्यांना आबाला घराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, टेकडी कुठली चढणार? म्हणून ज्ञानोबानं नेली.

आता पाय तयार होते. पण सगळ्या गावासमोर हे अंग उघडं करायचं? आणि ही पाळी सोडली तर पुढची येईतो आबा साठीला टेकलेला!

* * *

पहिला उपाय शकीलभाईनं काढला. म्हणाला, "उघडं दिसल्याशी मतलब. असायलाच पायजे असं कुटं लिवलंय?"

नाचाच्या ड्रेसला वापरतात ते ताणणारं कापड त्यानं पुण्यातून आणलं, कातडीच्या रंगाचं. पण आबाची कातडी एका रंगाची असेल तर ना! जन्मभर शेतात उभा राहिलेला माणूस. मान काळी, कोपरापर्यंत हात तांबूस, पाठ गोरी. शकीलभाईनं आबाला ओट्यावर उभं केलं, कापडाचे बारा तुकडे अंगाला लावून बघितले, आणि तीन रंग जोडून बनियन शिवलं. घट्ट. आत लोंबणारं सगळं गपगार बसलं.

दुकानाचा पडदा सरकवून आबा बाहेर आला. खोटं कशाला बोलू, पाच पावलांवरून कळत नव्हतं! मी टाळ्या वाजवल्या. शकीलभाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचवीस वर्षांच्या धंद्यात असं फिटिंग त्यानं केलं नव्हतं.

तेवढ्यात ज्ञानोबा आला. चहाचा ग्लास उचलला, आबाकडं खालीवर बघितलं आणि म्हणाला, "दादा, तुजी बेंबी कुटं गेली?"

सगळ्यांनी आबाच्या पोटाकडं बघितलं.

शकीलभाईनं कानामागचा खडू काढला, आबाच्या पोटावर एक फुली मारली आणि म्हणाला, "एवढंच ना? थांबा, काज करून देतो!"

* * *

बनियनमधून घाम बाहेर पडेना, चट्टे दुप्पट झाले, आणि शेवटी वहिनींनी आबाला प्लास्टिक सर्जनकडं नेलं. मी बरोबर गेलो, कारण मला समजावून घेता येतं. बाणेरच्या बाजूचा दवाखाना. डॉक्टरीणबाई वयानं आमच्यापेक्षा लहान, पण नजर मास्तरणीची.

आबाचा जमिनीचे व्यवहार करण्यात हातखंडा. त्यानं खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, "मॅडम, गोड बोलू नका. चांगलं एका अंगाला लिवा, वाईट एका अंगाला."

बाईंनी खरंच कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडं लिहिलं: चट्टे जातील, चालताना ओढ बसणार नाही, कपडे नीट बसतील, आरशात बरं वाटेल. उजवीकडं लिहायला लागल्या ते थांबेचनात. पूर्ण भूल. रक्तस्राव. जखमेत पाणी साठतं, म्हणून काही दिवस नळ्या. जंतू शिरू शकतात. पायात रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणून दुसऱ्या दिवशीच चालायचं. पोटाचा काही भाग महिनोन् महिने बधिर. क्वचित पुन्हा टेबलावर यावं लागतं. आणि व्रण.

"केवढा?" आबानं विचारलं.

"कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत. कायमचा. फिका होईल, जाणार नाही."

"आन् दंडाचं?"

"ते वेगळं ऑपरेशन. ते मी आत्ता करणार नाही. आणि वजन अजून काही महिने इथंच टिकलं पाहिजे. पुन्हा वाढलं तर माझी मेहनत वाया, तुमची पण."

मी मध्येच म्हणालो, "मॅडम, कापल्यावर वजन किती उतरेल?"

बाईंनी माझ्या पोटाकडं बघितलं. "ज्यांचं काढायचंय त्यांचं फार नाही. तुमचं काहीच नाही."

मग त्यांनी विचारलं, "तंबाखू?"

"न्हाई," आबा म्हणाला.

वहिनींनी पर्स उघडली, आबाचं तंबाखू-चुन्याचं चुनाळं काढलं आणि टेबलावर ठेवलं. "सकाळी खिशातनं काढून घेतलंय."

"ऑपरेशनच्या आधी निदान सहा आठवडे बंद, नंतरही बंद," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी हात लावणार नाही."

आबा काकुळतीला आला. "मॅडम, दोन वरसं भाकरी मोजून खाल्ली. साखर सोडली. भात सोडला. आता चिमूटभर ते बी?"

"भाकरीनं टाका उसवत नाही, आबा. तंबाखूनं रक्त पोचत नाही, कातडी काळी पडते आणि जखम उघडते."

आबानं चुनाळ्याकडं असं बघितलं, जसं कुणी स्टँडवर सोडायला आलेल्या माणसाकडं बघतं! मग म्हणाला, "आज ठरवलं तर चैत्रातल्या यात्रेत काठी उचलता येईल का?"

तेव्हा माघ चालू होता.

"किती वजनाची?"

"चाळीस किलो असंल. टेकडी चढून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "चैत्रात तर अजिबात नाही. ऑपरेशननंतर तीन महिने तरी नाही."

म्हणजे बघा! काठी नेताना अंग नीट दिसावं म्हणून कापून घ्यायचं, आणि कापून घेतलं की काठीच नेता येणार नाही. गाडीत बसल्यावर आबानं तो रेघ मारलेला कागद पुन्हा वाचला. वाकडला सिग्नलला म्हणाला, "बापू, ही बाई खरी हाय. एवढं वाईट सांगून कोन गिऱ्हाईक घालवतं?"

* * *

दरम्यान माझ्या मोबाइलवर एक जाहिरात आली. सकाळी या, संध्याकाळी सुडौल होऊन घरी जा! मी आणि शकीलभाई आबाला न सांगता चौकशीला गेलो. मऊ सोफा, काचेच्या पेटीत मासे, आणि टेबलामागं गोड आवाजाची मुलगी.

"कुणाचं करायचंय, सर?"

"आमच्या दोस्ताचं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही पण करून घ्या ना, सर. दोघांना मिळून ऑफर आहे."

शकीलभाईनं विचारलं, "भूल कोन देनार?"

"आमचे सर आहेत."

"आन् कापनार कोन?"

"सरच."

"घरी गेल्यावर रक्त आलं तर?"

"सरांना मेसेज टाकायचा. सर रिप्लाय देतात."

शकीलभाई उठला. "बाई, मी साध्या झब्ब्याची दोनदा ट्रायल घेतो. आन् झब्बा उसवला तर गिऱ्हाईक माझी कॉलर धरतं, मी दुकानातच असतो!"

आम्ही बाहेर आलो. त्यानं तिथलं माहितीपत्रक फाडून टाकलं. माझं मी खिशात ठेवलं. ऑफर काही इतकी वाईट नव्हती.

* * *

आबाचा एक नियम आहे. त्यानं आयुष्यात एकही गुंठा शेजारच्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय घेतला नाही. मालक कधी म्हणत नाही की जमिनीत पाणी साठतं, शेजारी म्हणतो. हेच त्यानं फोन करून डॉक्टरीणबाईंना तोंडावर सांगितलं. "तुमी मालक झाला, मॅडम. मला शेजारी पायजे."

बाई हसल्या असाव्यात. आठ दिवसांनी त्यांची एक जुनी पेशंट स्वतःहून आबाच्या घरी चहाला आली. शाळेत शिकवणाऱ्या बाई, बोलायला मोकळ्या. त्यांचंही असंच वजन उतरलं होतं, असंच ऑपरेशन झालं होतं.

"पहिले दहा दिवस मी वाकून चालत होते," त्या म्हणाल्या. "सरळ उभं राहिलं की टाके ओढायचे. आमचे हे रोज विचारायचे, काय पडलं का तुझं, शोधू का मी?"

वहिनींनी विचारलं, "भ्या वाटलं न्हाई?"

"वाटलं ना. नळीतून लाल पाणी बघितलं तेव्हा रडले. एका ठिकाणी जखम उशिरा भरली, महिना गेला. अजून इथं चिमटा काढला तर कळत नाही." त्यांनी साडीवरूनच जागा दाखवली. "पण उन्हाळ्यात पावडरचे डबे लागायचे मला. ते बंद झाले."

"मग परत कराल का?" आबानं विचारलं.

"करीन. फक्त एक चूक पुन्हा करणार नाही. लाजून मी कुणाला सांगितलंच नव्हतं. शाळेत मी एवढंच म्हणाले, पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय. झालं! सगळा स्टाफ माझ्याशी इतका गोड वागायला लागला, की मला वाटलं डॉक्टरांनी माझ्यापासून काहीतरी लपवलंय!"

* * *

फाल्गुन लागला. आबानं तंबाखू सोडली होती, आणि त्यामुळं ओट्यावर त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. साध्या बोलण्यावर खेकसायचा. एक दिवस ज्ञानोबानं सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं.

"दादा, तू कापून घे बिनघोर. काठी मी नेतो. दोन टायमाला नेलीच की."

शकीलभाईच्या मशिनचा आवाज थांबला. ज्ञानोबा मनापासून बोलत होता, हे मी सांगतो. पण दोन पाळ्यांत त्याचा फोटो यात्रेच्या बॅनरवर आला होता, हेही सांगतो!

आबा म्हणाला, "बघू."

"बघू काय? उघड्या अंगानं जानार हाय्स का तू? बाया-मानसं असत्यात. मोबाइल असत्यात. धा मिंटात सगळ्या मुळशीत फिरंल."

आबाच्या हातातला चहा निवला. मला वाटलं, झालं, दिली यानं पाळी.

वहिनी दुकानात ब्लाउज न्यायला आल्या होत्या. पिशवीत ब्लाउज कोंबत त्या आबाला म्हणाल्या, "कापायचं कशापायी हाय, ते आधी ठरवा. चट्ट्यांपायी असंल, तर चट्टे यात्रा झाल्यावर बी हायेतच. लोकांपायी असंल, तर लोक बी हायेतच. ते काय मॅडम कापनार हायेत?"

आणि ज्ञानोबाकडं वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी बॅनरवर हसता तवा लई चांगले दिसता. यंदा खालूनच हसा."

आबानं तिथंच फोन लावला. "मॅडम, ऑपरेशन करायचं. पर यात्रा झाल्यावर."

* * *

यात्रेच्या दिवशी पायथ्याला ही गर्दी! नेऱ्यापासून गाड्या लागलेल्या. माझ्याच खोल्यांतली पोरं मोबाइल वर धरून पुढं उभी. हलगी कडाडत होती. आबा धोतर नेसून आला, वर शर्ट. मानकऱ्यांनी काठी उभी केली. आबानं शर्टाची बटणं काढली, एक एक करून, सावकाश, आणि शर्ट घडी करून वहिनींच्या हातात दिला.

मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. पहिल्या पायरीला सगळं कातडं हललं. पोटाची घडी धोतरावर आपटायची, दंडाचे पडदे काठीबरोबर झुलायचे. आबा कुणाकडं बघत नव्हता. समोरच्या पायरीकडं बघायचा, चढायचा, पुन्हा समोरच्या पायरीकडं. अंग उघडं, आणि त्याचा घाम इतका की मला त्याचा वास येत होता.

टेकडीच्या मध्यावर एक दगड आहे. तिथं काठी नेणारा थांबतो आणि गुरव त्याच्या अंगाला गुलाल लावतो. गुरवानं ताट पुढं केलं. छातीला लावला, पाठीला लावला. पोटाला लावला. मग घडीच्या वर लावला, घडीच्या खाली लावला, दंडाला आतून बाहेरून लावला. ताट रिकामं झालं. गुरवानं ताटाकडं बघितलं, आबाकडं बघितलं, आणि म्हणाला, "आबा, दुसरं ताट मागवावं लागंल!"

सगळी टेकडी हसली. खालपासून वरपर्यंत. आणि आबाही हसला, इतका की काठी डोलली आणि कळस एका बाजूला झुकला. ज्ञानोबा झेप घेऊन पुढं आला, पण आबानं मान हलवली. मध्ये दुसऱ्याचा हात लागला तर पाळी मोडते. ज्ञानोबा काठीपासून वीतभर अंतरावर हात धरून तसाच उभा राहिला. आबानं पाय रोवले, खांदा खाली घेतला, काठी सरळ केली आणि निघाला. तिथून देवळापर्यंत ज्ञानोबा त्याच्यामागं चालत होता, दोन्ही हात पुढं धरून, काठीला न लावता.

दोन दिवसांनी आम्ही डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी तपासायला पोटाची घडी उचलली आणि आतून गुलाल सांडला, पांढऱ्या चादरीवर. बाई ओरडल्याच, "आबा! त्या चट्ट्यांवर गुलाल?"

"लई धुतला, मॅडम. निघंना."

त्यांनी स्वतःच्या हातानं सगळं पुसून काढलं, मलम लावलं, आणि कॅलेंडर पुढं घेतलं. "तंबाखू बंद आहे ना? वजन तेवढंच आहे ना? मग पुढच्या महिन्यातली तारीख पक्की करू?"

"करा," आबा म्हणाला. मग त्यानं शर्ट डाव्या खांद्यावरून खाली घेतला. काठीचा वळ उठला होता तिथं, बोटभर जाड, काळानिळा. "पर हे मातर ठेवायचं."

"आबा, ऑपरेशन पोटाचं आहे. मी खांद्याकडं जाणारसुद्धा नाही."

"म्हनूनच आधी सांगून ठिवलं."

* * *

सुरुवातीला शपथ घेतली आहे, म्हणून सांगून टाकतो. यात एक गोष्ट माझ्या पदरची आहे. गुरव काही बोलला नव्हता. त्यानं गुलाल लावला, ताट रिकामं झालं तसं ते खाली ठेवलं आणि बाजूला झाला. टेकडीवर कुणीही हसलं नाही. हलगीवाल्याचा हातसुद्धा थांबला होता, आणि पोरांनी मोबाइल खाली घेतले होते. काठी डोलली ती आबा दमला होता म्हणून. ते हसणं मी घातलं.

आबाला हे सगळं वाचून दाखवलं. त्या जागी आल्यावर मी थांबलो आणि विचारलं, "काढू का?"

आबा म्हणाला, "ऱ्हाऊ दे."